‘नॉर्मल’ असं मीच सांगितलं होतं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही. तिचा कागद माझ्या कपाटात आहे, जनावरांच्या एका जुन्या रजिस्टरात घडी घालून ठेवलेला, आणि ते रजिस्टर मला डोळे मिटूनही सापडेल. पण सांगायला बसलो की मी भलतंच काही सांगायचो. वळूंचं सांगायचो, नोकरीतल्या गमती सांगायचो, ऐकणारे हसायचे आणि उठून जायचे. आता वय झालं. अजून टाळलं तर तेवढा कागद मागे राहील आणि त्याचा अर्थ सांगणारा कोणी राहणार नाही.

मी पशुसंवर्धन खात्यात होतो. काही वर्षं आसेगावला आणि बाकीची सगळी रिसोड तालुक्यात. लोक डॉक्टर म्हणायचे, पण मी डॉक्टर नव्हतो, पशुधन पर्यवेक्षक होतो. मुख्य काम गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करण्याचं. लोकांच्या भाषेत कांडी टाकणं. कांडी म्हणजे पेनातल्या रिफिलसारखी बारीक प्लास्टिकची नळी, तिच्यात चांगल्या वळूचं गोठवलेलं वीर्य. नायट्रोजनच्या टाकीतून चिमट्यानं काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच वापरायची. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर सांडायची आणि गोठ्यातली माणसं दोन पावलं मागे सरायची.

प्रशिक्षणात आम्हाला असा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. त्या दिवसाचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बाजाराच्या दिवशी रिसोडला पाण्याच्या टाकीवर चढून खाली पाहिलं तर जशी गर्दी दिसेल, तशी ती गर्दी होती. प्रत्येकाला डोकं, प्रत्येकाला शेपूट आणि प्रत्येक जण घाईत. काही सरळ निघालेले, काही एकाच जागी गोल फिरणारे, काही पडून राहिलेले. शिकवणारे साहेब म्हणाले, "किती आहेत ते बघा, मग सरळ किती चालतात ते बघा. दोन्ही वेगळं असतं." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. पुढे तेच मला नको झालं.

गावात गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष गायीचा. एका उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी वेळेवर आली नाही. टाकीत तळाशी थोडासा उरला होता. मी झाकण लावून ठेवलं आणि त्याच कांड्या वापरत राहिलो. गाई उलटत राहिल्या. केनवडच्या एका शेतकऱ्यानं आपली चांगली तरणी गाय वांझ म्हणून बाजारात नेऊन विकली. नंतर वरच्या दवाखान्यात एक कांडी तपासून घेतली तर आत एकही जिवंत नव्हता. त्यानंतर मी ज्या गोठ्यात जाईन तिथे सांगायचो, "गाईले काहून बोल लावता? आधी कांडी पाहा, मंग गाय पाहा." लोकांना ते पाठ झालं होतं. मला पाहिलं की पोरंसोरंही म्हणायची, आले ‘कांडी पाहा’.

माझ्या मुलाचं लग्न झालं. सून आसेगावकडची. तिच्या वडिलांना मी तिथल्या नोकरीपासून ओळखत होतो, मुलगी मीच सुचवली होती. बारावी झालेली, शिवणकामात हुशार, बोलायला मोकळी. मुलगा रिसोड-केनवड जीप चालवायचा. दिवसभर तापलेल्या इंजिनाजवळ बसणं आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझी बायको सुनेला वाशिमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मिस्टरांची तपासणी झाली का.

घरी मी मुलाला सांगितलं.

"माही तपासनी कायले पाह्यजे?" तो म्हणाला. "मी काय बिमार हाओ?"

"वळूची बी करतात. त्यात काय."

"मंग वळूलेच घेऊन जा ना बाबा."

सून चुलीपाशी होती. तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. मुलालाही हसू आलं आणि त्या हसण्यात तो तयार झाला. पण एक अट घातली. रिसोडची लॅब जीपच्या थांब्याला लागून, तिच्या पायरीवर सगळे ड्रायव्हर बसलेले. तो तिथं जाणार नाही. नमुना घरीच देईल, मी पोचवायचा.

लॅबवाला माझ्या ओळखीचा, माझ्याच वयाचा. रुंद तोंडाची डबी देताना त्यानं बजावलं होतं, "शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाची ऊब लागली पाह्यजे. अर्ध्या-पाऊन तासात आना." मी मान हलवली. पण दिवस चैत्राचे होते, सकाळी नऊलाच डांबर मऊ व्हायचं. आणि माझं सगळं आयुष्य एकाच समजुतीवर गेलेलं, की हा जीव थंडीत टिकतो आणि उन्हात मरतो. माझ्याकडे लसी न्यायची बर्फाची पेटी होती. मी डबी रुमालात गुंडाळली, बर्फाच्या पिशव्यांमध्ये नीट बसवली, पेटी गाडीला बांधली आणि निघालो. आपण लॅबवाल्यापेक्षा जास्त काळजी घेतली असं मला वाटत होतं.

त्यानं पेटी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, हे आइस्क्रीम हाय का?"

"उन्हानं खराब होईन म्हनून."

"खिशात आना म्हटलं होतं ना बाप्पा. हे काय वळूचं हाय?"

वळूच्या वीर्यातही अंड्याचा बलक आणि काय काय मिसळतात, सावकाश थंड करतात, तेव्हा कुठे ते टिकतं. हे मी ऐकलेलं होतं. पण माझ्या हातात नेहमी तयार कांडीच आलेली. ताजं कधी हाताळलंच नव्हतं. लॅबवाल्यानं डबी उबेत ठेवली, थोड्या वेळानं काचेवर थेंब घेतला, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची सरकवली.

"पाहा, तुमीच पाहा. तुमाले समजते."

मी पाहिलं. संध्याकाळी बाजार उठल्यावर मैदानात चार-दोन माणसं इकडे-तिकडे रेंगाळत असतात, तसं होतं. थोडे पडलेले, थोडे जागच्या जागी वळवळणारे. एक मात्र अगदी कडेनं सरळ चालत गेला आणि दिसेनासा झाला. मी त्याच्यामागे काच सरकवत राहिलो, तो पुन्हा सापडला नाही.

"माह्या बर्फानं झालं हे," मी म्हणालो.

"मंदावले असतीन बर्फानं, तेवढं मानतो. पन मोजनीचं काय? थंडीत मानसं चालत नाहीत डॉक्टर, पन गायब थोडीच होतात?"

त्यानं कागद भरला. संख्येच्या रकान्यात कमी, हालचालीच्या रकान्यात कमी, आणि खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ: नमुना थंड अवस्थेत मिळाला, पुन्हा तपासावा. कागद देताना म्हणाला, "आठ दिवसांनी पोराले इथंच पाठवा. मागच्या दारानं येऊ द्या, कोनी पाहत नाही." मी हो म्हणालो.

घरी आलो तर मुलगा अंगणात जीप धूत होता. पाण्याचा पाइप एकाच चाकावर धरून उभा. पाणी वाहत होतं आणि तो चाकाकडे पाहत नव्हता. बायकोनं विचारलं, "काय निघालं?" सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन थांबली होती.

मी म्हणालो, "नॉर्मल."

मुलगा चाक घासायला लागला. सुनेनं मला पाणी दिलं. मी पाहिलं, तिच्या तोंडावर आधी आनंद आला. नवरा धडधाकट आहे याचा. मग एका क्षणात तो आनंद बदलला, कारण आता उरलं कोण ते तिच्याही लक्षात आलं.

मी तेव्हा मनाशी काय म्हणालो ते मला नेमकं आठवतं. नमुना माझ्यामुळे बिघडला. बिघडलेल्या नमुन्याचा रिपोर्ट खरा नव्हेच. खरा आठ दिवसांनी येईल, तेव्हा सांगू. यातलं अर्धं बरोबर होतं, म्हणून ते इतकी वर्षं चाललं. बर्फानं हालचाल जाते. संख्या जात नाही. लॅबवाल्यानं सांगायच्या आधीपासून मला हे ठाऊक होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. आठ दिवस झाले, महिना झाला. मी मुलाला पुन्हा पाठवलं नाही. पाठवलं असतं तर कळलं असतं आणि मला कळायला नको होतं. मुलाच्या जागी मी स्वतःला पाहत होतो का, जीपच्या थांब्यावरचं हसणं ऐकत होतो का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर एक सापडत नाही.

वाशिमला पुढच्या खेपेस मीच बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितला. मी म्हणालो, कागद घरी राहिला, पण मी वाचलाय, नॉर्मल आहे. मी खात्यातला माणूस, त्यांनी विश्वास ठेवला आणि फाइलीत लिहिलं: पतीची तपासणी नॉर्मल, तोंडी.

त्या एका ओळीवर पुढची सहा वर्षं गेली. गोळ्या झाल्या, पोटात सुया झाल्या, महिन्याचे दिवस मोजून झाले. दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुसऱ्या वेळी बीज सुटावं म्हणून अंडाशयाला डाग देऊन पाहिले. घरी आणल्यावर ती भिंतीला धरून चालायची. माझी बायको वाईट नव्हती, पण तिचं तोंड थांबत नसे. "दोन दोन डाव पोट पाहून झालं, तरी रित्तंच," ती शेजारणीला सांगायची, सुनेला ऐकू येईल एवढ्या आवाजात. पुतणीच्या डोहाळजेवणात सगळ्या बायका ओटी भरायला पुढे झाल्या, तेव्हा सुनेला पुऱ्या तळायला मागे पाठवलं. मी मांडवात पाहुण्यांशी बोलत होतो. तिनं पुऱ्यांचं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "मामाजी, तुमी गावभर सांगत होते ना, गाईले बोल लावू नका म्हनून?" तिच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. उलट घरात मी एकटा तिच्या बाजूचा, असंच तिला वाटत होतं. मी पुरी घेतली आणि म्हणालो, "गरम हाय का?"

अकोल्याच्या वंध्यत्व उपचार केंद्राचा पत्ता तिनंच काढला. ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईच्या बहिणीला तिथं मूल झालं होतं. मी निवृत्त होतो, बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जुनी फाइल सुरुवातीपासून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तोंडी म्हणजे काय? कागद कुठाय?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मुलानंही.

"जुना झाला," मी म्हणालो. "सापडायचा नाही आता."

डॉक्टरांनी मुलाची तपासणी त्यांच्याकडेच करून घेतली. आकडे जवळपास तेच आले, जे माझ्या रजिस्टरात होते. मुलगा बाकावर बसून कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तवा तं नॉर्मल होतं ना?"

मी म्हणालो, "लॅबवाल्याची चूक झाली असन."

पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे मात्र मी थंड डोक्यानं बोललो. दोन्ही एकाच कागदाबद्दल.

डॉक्टरांनी मुलाला खर्रा सोडायला सांगितला, इंजिनाच्या उष्णतेचं समजावलं. हा जीव तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज सुधारलात तर फळ तीन महिन्यांनी दिसेल, असं त्या म्हणाल्या. मला याचं फार नवल वाटलं. ज्वारीच्या पिकाएवढा काळ. मुलानं खरोखरच खर्रा सोडला. संख्या थोडी वाढली, पुरेशी नाही.

तिथं प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी होती. मी कांड्या टाकायचो हे कळल्यावर तिला गंमत वाटली. तिनं मला बाहेरच्या टीव्हीवर शिकवण्यासाठी ठेवलेली फिल्म दाखवली, दुसऱ्या कुणाची तरी. पडद्यावर मोठं गोल स्त्रीबीज, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, पण किंचित हलणारं. एका बाजूनं काचेच्या नळीनं ते हलकेच धरलेलं. दुसऱ्या बाजूनं केसाहून बारीक सुई येते, तिच्यात एकच जीव. आधी त्याची शेपटी सुईनं दाबून त्याला थांबवतात, मग आत सोडतात.

"एकच?" मी विचारलं.

"एकच लागतो काका. पण चांगला निवडावा लागतो."

त्या सकाळी काचेच्या कडेनं सरळ चालत गेलेला तो एक मला आठवला. तेव्हाही तो होता. कुणी निवडला असता तर तेव्हाही पुरला असता.

मी तिला विचारलं, "समजा कुनी नमुना बर्फात आनला तर?"

"असं कोण आणतं?" ती हसली. "हालचाल कमी दिसेल. पण माणसाचं वळूपेक्षा थंडी जास्त सोसतं. आणि संख्या काय, तीच राहणार."

मी मान हलवली, जणू नवीन काही कळलं. माझी शेवटची सबबही त्या मुलीनं हसत हसत काढून घेतली आणि तिला ते माहीतही नाही.

त्या पद्धतीनं केलेला पहिला प्रयत्न फसला. दुसरा लागला. मला नात झाली, आता ती शाळेत जाते, आणि सूक्ष्मदर्शक घेऊन द्या म्हणून माझ्या मागे लागली आहे. बायको नातीचं तोंड पाहून गेली. सुनेकडे आता आजूबाजूच्या गावांतून बायका येतात, ब्लाउजचं माप द्यायला म्हणून, आणि विचारतात वेगळंच. मी ओसरीवर असतो, मला ऐकू येतं. सून सांगते, "आधी मानसाची तपासनी करा, मंग तुमची. आनि रिपोर्ट हातात घेऊन आपल्या डोळ्यानं वाचा. आमच्या टायमाले रिसोडच्या लॅबवाल्यानं चुकीचा देल्ता. माही सहा वर्सं गेली."

तो लॅबवाला मला एकदा बाजारात भेटला होता. लॅब बंद करून बरीच वर्षं झालेली. कुठूनतरी हे बोलणं त्याच्या कानावर गेलं असावं. त्यानं माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, मी तं बरोबर लिव्हलं होतं ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मंग ठीक." आणि भाजीची पिशवी घेऊन गेला. म्हणून इथं लिहून ठेवतो: त्यानं बरोबर लिहिलं होतं. मोजणी बरोबर होती, शेराही बरोबर होता. चूक त्याची नव्हती.

आता जे राहिलं ते सांगतो. पहिला प्रयत्न फसला असं मी एका वाक्यात लिहून पुढे गेलो, हे लिहितानाही टाळलंच. त्या दिवशी मुलाच्या जीपला लग्नाचं भाडं होतं, म्हणून अकोल्याला रक्ताचा रिपोर्ट आणायला आम्ही दोघंच गेलो होतो, सून आणि मी. डॉक्टरांनी सांगितलं, लागलं नाही. असंही सांगितलं की आधीच्या ऑपरेशनमुळे अंडाशय थकलं आहे, म्हणून बीजं थोडी मिळाली. दुपारच्या एसटीनं परत निघालो. ती खिडकीशी, मी शेजारी. पातूर मागे पडलं. आमच्याकडच्या मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला. तिनं खिडकीबाहेर पाहत पाहत म्हटलं, "मामाजी, मले माफ करजा. माह्यापायी तुमचे ह्या वयात किती हेलपाटे झाले."

मी म्हणालो, "जाऊ दे वं बाई."

माफी तिनं मागितली आणि मी ती घेतली. मोठेपणानं घेतली. तिनं डोळे पुसले, तिला बरं वाटलं असावं. कंडक्टर आला, गाडी सुटली. मालेगाव ते रिसोड हा रस्ता मी नोकरीत शेकडो वेळा केलेला, कुठलं वळण कधी येतं ते मला माहीत. प्रत्येक वळणावर मी ठरवलं की पुढच्या वळणावर बोलायचं. वाक्यं तयार होती, फार नव्हती. आजही तीच आहेत, शब्द बदललेला नाही: बाई, रिपोर्ट नॉर्मल नव्हता. मी तो वाचला होता. तुह्यात काही कमी नव्हतं, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मले माफ कर.